मशीन घेण्याआधी एक किलो चारा वाळवून बघा

मुरबाडच्या पुढे, सरळगावच्या बाजूला राहणाऱ्या एका दादांनी विचारलंय: "आठ एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गायी आहेत, सरासरी १२ लिटर दूध. दोन एकर भातशेती, एक बोअर, ती एप्रिलमध्ये आटते. हायड्रोपोनिक चाऱ्याचं मशीन १ लाख ८० हजारांत मिळतंय. विकणारे सांगतात की एक किलो मक्यापासून दहा किलो चारा होतो, पेंड आणि भरडा जवळजवळ बंद करता येतो आणि दूध दोन लिटरने वाढतं. घ्यावं का?"

मी पशुवैद्यक आहे. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून शिकून बाहेर पडले त्याला बावीस वर्षं झाली. तेव्हापासून कल्याण, बदलापूर, मुरबाड, शहापूर आणि अधूनमधून नवी मुंबईच्या गावठाणातले तबेले, एवढ्या पट्ट्यात फिरते. हायड्रोपोनिक चारा म्हणजे मातीशिवाय, ट्रेमध्ये पाणी मारून मका रुजवायचा आणि सात-आठ दिवसांत कोंबांसकट काढायचा. तो करणारे गोठे मी चालताना पाहिलेत, बंद पडतानाही पाहिलेत. त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

दादा, तुमची खरी अडचण वेगळी आहे असं मला वाटतं. तुम्ही मशीनबद्दल विचारलंय, पण दुखणं आहे एप्रिल ते जूनचं. पावसाळ्यात बांधावर, माळावर गवत मिळतं, दिवाळीनंतर पेंढा असतो, आणि उन्हाळा आला की गव्हाणीत हिरवं काहीच राहत नाही. त्या तीन महिन्यांत दूध घसरतं, पेंडीचं बिल चढतं आणि गायी माजावर येत नाहीत. त्या तीन महिन्यांत गायीचं पोट स्वस्तात कसं भरायचं, हा तुमचा प्रश्न. त्याला मशीन हे एक उत्तर असू शकतं, पण तुमच्यासाठी ते पहिलं नाही. का, ते हिशेबाने सांगते.

आधी दहा किलोची गोष्ट. घरी पाव किलो मटकी भिजवून मोड आणले की भांडं भरून जातं. म्हणून मटकी वाढली का? नाही, तिने पाणी प्यायलं. मक्याचंही तेच होतं. आपल्याकडच्या हवेत, चांगलं बियाणं असेल तर सात-आठ दिवसांत एका किलोचे पाच ते सहा किलो होतात. दहा किलो मी कुठेही वजनकाट्यावर पाहिलेले नाहीत. ट्रे निथळू न देता पाण्यासकट वजन केलं तर आकडा वर जातो, पण ते पाणी गाय हौदात फुकट पितेच.

गायीला दूध द्यायला लागतो तो पाणी वजा जाता उरणारा भाग, कोरडा पदार्थ. मक्याच्या दाण्यात तो शंभरात ८८ असतो. मोड आलेल्या चाऱ्यात साधारण १२ ते १५. आता धरा, एका गायीला रोज ८ किलो हा चारा घालायचा. त्यासाठी सुमारे १ किलो ४५० ग्रॅम मका लागेल. त्या मक्यात कोरडा पदार्थ होता १ किलो २८० ग्रॅमच्या आसपास. आठ किलो चाऱ्यात, १४ टक्क्यांनी, उरला १ किलो १२० ग्रॅम. म्हणजे आठवडाभर पाणी घालून, ट्रे धुऊन, राबून आपण माल थोडा कमीच केला. हे चोरीला गेलं नाही. दाणा रुजताना श्वास घेतो, आणि त्यासाठी स्वतःचाच स्टार्च जाळतो. अंधाऱ्या, दाटीवाटीच्या ट्रेमध्ये सात दिवसांत त्या कोवळ्या पात्याला उन्हातून इतकं अन्न बनवता येत नाही की जळलेलं भरून निघावं. खोली गरम असेल किंवा चारा नवव्या-दहाव्या दिवसापर्यंत ठेवला तर ही घट आणखी वाढते.

माहितीपत्रकात प्रथिनांचा आकडा ठळक छापलेला असतो. मक्यात नऊ टक्के, चाऱ्यात बारा-तेरा. तो आकडा पूर्ण खोटा नसतो, पण त्याचा अर्थ नीट समजून घ्या. प्रथिन बनायला लागणारं नत्र साध्या पाण्यात नसतं, मग जास्तीचं प्रथिन येणार कुठून? स्टार्च जळून गेला, प्रथिन होतं तेवढंच राहिलं, म्हणून टक्केवारी वर सरकली. शंभर रुपयांतली वीसची नोट हरवली की उरलेल्या नोटांत दहाच्या नोटांचं प्रमाण वाढलेलं दिसतं, तसंच हे.

आता पैसे. मक्याचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला २४०० रुपये होता. वाशीच्या दाणा बंदरातून किंवा कल्याणच्या बाजारातून स्वच्छ, न फुटलेला, रुजणारा मका आणायचा तर वाहतुकीसकट किलोला २६ धरू. भाव वरखाली होईल, तुमचा आकडा घालून परत करा. २६ भागिले साडेपाच, म्हणजे चाऱ्याच्या किलोला ४ रुपये ७० पैसे नुसतं बियाण्याचे. एकूण खर्चातला मोठा वाटा बियाण्याचाच असतो, म्हणून भाव इथेच ठरतो. कोरड्या पदार्थाच्या किलोला हे पडतात जवळजवळ ३४ रुपये. तोच मका भरडून सरळ गव्हाणीत टाकला असता तर ३० रुपयांच्या आत, वर दीड-दोन रुपये भरडाई. मजुरी, वीज आणि मशीनचा घसारा मी अजून धरलेला नाही. १ लाख ८० हजार पाच वर्षांवर वाटले तर रोजचे शंभर रुपये होतात. आठ गायींचा ६४ किलो चारा रोज, वर्षाचे ३६५ दिवस निघाला तर किलोमागे आणखी दीड रुपया. पण आपल्या भागात ते ३६५ दिवस चालत नाही. त्याचं कारण पुढे येतं.

तुमच्या गायींचं वजन साधारण ४०० किलो धरलं तर १२ लिटरच्या गायीला दिवसाला बारा-तेरा किलो कोरडा पदार्थ पोटात जायला हवा. त्यातला एक किलो या चाऱ्यातून आला. उरलेले अकरा-बारा? ते कुठून आणायचे, याचं उत्तर मशीनकडे नाही. म्हणून "पेंड आणि भरडा बंद" हे वाक्य ऐकलं की मला काळजी वाटते. आठ किलो चारा दिला तर मक्याच्या भरड्यातला किलोभर कमी करा, तेवढं चालेल. सरकी पेंड किंवा गोळीपेंड मात्र त्याने सुटत नाही. आणि कोरडी वैरण तर मुळीच कमी करायची नाही. हा चारा कोवळा, लुसलुशीत असतो. गाय तो चटकन संपवते, पण चावून रवंथ करावा असा लांब धागा त्यात नसतो. पेंढा कमी करून हा चारा वाढवला की शेण पातळ होतं आणि फॅट उतरते. डेअरीवर ३.५ फॅटचा भाव धरून बसलेल्या माणसाला ३.१ लागली की दूध अर्धा लिटर वाढूनही हातात पैसे कमीच येतात. हे मी एकदा नाही, अनेकदा पाहिलंय.

दूध वाढतं का? काही गोठ्यांत वाढतं, हे मी नाकारत नाही. गोव्यात जुन्या गोव्याजवळ एला इथे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचं केंद्र आहे. तिथे या मक्याच्या चाऱ्यावर बरंच काम झालं आणि पचन व दूध सुधारल्याचे निष्कर्षही निघाले. गोव्याची हवा आपल्यासारखीच, म्हणून ते काम आपल्याला जवळचं. पण आपल्या गोठ्यात वाढ कशामुळे झाली हे बघायला हवं. ज्या गायीला चार महिने नुसता पेंढा आणि पेंड मिळत होती, तिला कुठलंही ताजं हिरवं दिलं तरी फरक पडतो. ज्यापासून अ जीवनसत्त्व बनतं ते कॅरोटीन भाताच्या पेंढ्यात नसल्यात जमा. मोड आलेल्या चाऱ्यात ते भरपूर, शिवाय ई जीवनसत्त्वही. हा त्याचा खरा गुण आहे आणि तो मला मान्य आहे. उन्हाळ्यात वारंवार उलटणाऱ्या, म्हणजे भरवूनही गाभण न राहणाऱ्या गायी, रातांधळी वासरं, यांच्यामागे अ जीवनसत्त्वाची कमतरता मला कितीदा तरी सापडली आहे.

कल्याणजवळ एका गोठ्यात मशीन आल्यावर महिन्याभरात गायीमागे दीड लिटर दूध वाढलं. मालक खूश होता. मी चौकशी केली तेव्हा कळलं, त्याच महिन्यात त्याने गायी मोकळ्या सोडल्या होत्या, पाण्याचा हौद चोवीस तास भरून ठेवला होता आणि क्षार मिश्रण सुरू केलं होतं. बांधलेल्या गायीला दिवसातून दोनदा पाणी दाखवायचं आणि मोकळ्या गायीने हवं तेव्हा प्यायचं, या एका फरकानेच मे महिन्यात लिटरभर दूध हलतं. मग श्रेय कोणाचं? तुम्ही प्रयोग केलात तर चार गायींना चारा द्या, चारींना नको. बाकी सगळं दोन्ही गटांना सारखं ठेवा. पहिले दहा दिवस मोजूच नका, तोंडाला नवी चव लागते तेव्हा सगळंच बरं दिसतं. पुढचे वीस दिवस दूध आणि फॅट वहीत लिहा आणि मग गट बदला.

आता बुरशी. माझ्या मते आपल्या भागातला खरा धोका हा आहे, आणि विक्रीच्या बोलण्यात तो कुठेच नसतो.

या चाऱ्याला मानवते ती १९ ते २५ अंशांची थंड, खेळती हवा. आपल्याकडे मे महिन्यात मुरबाड-बदलापूरचा पारा चाळिशीला टेकतो आणि जुलैत भिंतींना ओल येते, चपलांवर पांढरी बुरशी धरते. ओला मका, दाट थर, कोंदट खोली. बुरशीला आणखी काय हवं? ट्रेमध्ये मुळं गुंतून चाऱ्याची चटई होते. वरून हिरवंगार दिसणारी ती चटई उलटी करून मुळांकडे बघा. तिथे राखाडी, हिरवट, काळपट ठिपके आणि आंबूस वास असेल तर ती चटई गव्हाणीत जाता कामा नये. वरचा भाग कापून देऊ, पाण्याने धुऊन देऊ, हे चालत नाही. बुरशी धुतली जाते, तिने सोडलेलं विष राहतं.

अंबरनाथ तालुक्यातल्या एका गोठ्यावर मला जुलैत रात्री बोलावलं होतं. पत्र्याची बंद खोली, एकच पंखा, तोही वीज गेली की बंद. चार दिवस पावसाची झड, त्यात दोन दिवस वीज नव्हती. घरच्या बाईंनी चटईखालचे ठिपके पाहिले होते, पण एवढ्या मक्याचे पैसे गेलेले, फेकायचं कसं, म्हणून धुऊन घातला. पाच गायींनी वैरण सोडली, जुलाब लागले. त्यांतली एक मागच्या पायांनी लटपटायला लागली. चालताना खूर दुमडायचे, अंग थरथरायचं. मोड आलेल्या धान्यावर वाढणाऱ्या ॲस्परजिलस क्लॅव्हेटस नावाच्या बुरशीने जनावरांना असंच होतं, हे आमच्या शास्त्रात नोंदलेलं आहे. त्या रात्री मी बुरशीची जात डोळ्यांनी ओळखली नाही, कोणालाच ओळखता येत नाही. चारा बंद केला, सलाईन दिली, लक्षणं पाहून उपचार केले. चार गायी आठवड्यात सावरल्या. पाचवी उभी राहिली, पण त्या वेतात तिचं दूध परत आलंच नाही. त्या बाईंचा चेहरा मला अजून आठवतो. त्यांनी निष्काळजीपणा केला नव्हता. फेकून द्यायचं कधी, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

दुसरी गोष्ट दुधाची. खाद्यात ॲफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीचंच एक विष, गेलं की त्याचा अंश दुधात उतरतो. दुधात उतरणाऱ्या या अंशाला ॲफ्लाटॉक्सिन एम-१ म्हणतात. त्यासाठी एफएसएसएआयची, म्हणजे देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची मर्यादा किलोला ०.५ मायक्रोग्रॅम आहे. दूध उकळून ते जात नाही. ते दूध आपल्याच गावातली पोरं पितात, हे डोक्यात ठेवून चटई तपासा.

म्हणून माझ्या ओळखीत जे हे नीट चालवतात, ते पावसाळ्यात मशीन बंद ठेवतात. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत ट्रे धुऊन, उन्हं मिळतील तेव्हा वाळवून, उपडे. तेव्हा बाहेर गवत असतंच.

हा चारा कोणाला शोभतो, तेही सांगते, नाहीतर मी सरसकट विरोधात आहे असं वाटेल. घणसोलीच्या गावठाणात एक तबेलेवाले काका आहेत, सहा म्हशी. भोवती इमारती, जमीन नाही. कोरडं गवत वाडा-भिवंडीकडून ट्रकने येतं. हिरवं म्हणून ते पूर्वी वाशीच्या भाजी बाजारातून कोबीचा पाला, फ्लॉवरची पानं, मक्याच्या कणसांची सालं आणायचे. कधी चांगलं, कधी सडकं, कधी औषधाचा वास येणारं. गेली काही वर्षं ते ऑक्टोबर ते जून रोज फक्त तीस किलो चारा बनवतात, म्हशीमागे पाच किलो. मशीन नाही. घराच्या उत्तरेकडच्या खोलीत लोखंडी मांडणी, भोकं पाडलेले प्लॅस्टिकचे ट्रे, दोन्ही बाजूंना जाळीच्या खिडक्या, हाताने मारायचा फवारा. सून सकाळी पाऊण तास आणि संध्याकाळी अर्धा तास देते. त्यांच्या रेड्या वेळेवर माजावर यायला लागल्या. त्यांना दुसरीकडून स्वच्छ हिरवं मिळणारच नव्हतं, म्हणून कोरड्या पदार्थाला ३४ रुपये पडले तरी त्यांचा हिशेब जमतो. तुमच्याकडे दोन एकर आहे. तुमचा हिशेब वेगळा.

तुमच्या जागी मी असते तर काय केलं असतं? बोअर एप्रिलमध्ये आटते, म्हणजे फेब्रुवारीपर्यंत पाणी आहे असं धरते. ऑक्टोबरअखेर, नोव्हेंबरात भात निघाला की एक एकरावर चाऱ्याचा मका पेरायचा. ऐंशी-नव्वद दिवसांत, दाणा दुधातून चिकात जायला लागला की कापायचा, कुट्टी करायची आणि मूरघास, म्हणजे हवाबंद दाबून आंबवलेला हिरवा चारा, भरायचा. बरं जमलं तर एकरी १५ ते २० टन हिरवा माल निघतो. तुम्हाला लागणार किती? आठ गायी, रोज १५ किलो, नव्वद दिवस. १० टन ८०० किलो. वाया जाणारा धरूनही एका एकरात उन्हाळा निघतो. टनाच्या बॅगा भरा किंवा प्लॅस्टिक अंथरून खड्डा करा, वीस घनमीटरच्या आसपास जागा पुरते. दाबून हवा काढणं महत्त्वाचं, ट्रॅक्टर फिरवून किंवा पायांनी तुडवून. पंचेचाळीस दिवसांनी उघडा. फेब्रुवारीत भरलेला मूरघास एप्रिलमध्ये तयार, म्हणजे बोअर आटते नेमकी तेव्हा. मूरघासात कोरडा पदार्थ तीस टक्क्यांच्या आसपास असतो, हायड्रोपोनिकच्या दुप्पट, आणि त्यात धागाही असतो.

उरलेल्या जागेत, घराच्या आणि गोठ्याच्या सांडपाण्यावर, पाच-दहा गुंठे संकरित नेपियर गवत लावा. त्यातलं फुले जयवंत हे वाण मला बरं वाटतं, कारण त्यात ऑक्झॅलेट तुलनेने कमी. पेंढा खाणाऱ्या गायींना हे महत्त्वाचं आहे. भाताच्या पेंढ्यात मुळातच ऑक्झॅलेट असतं, ते कॅल्शियम धरून बसतं. म्हणून क्षार मिश्रण रोज पन्नास ग्रॅम चुकवू नका. बांधावर शेवरी, हदगा, गिरिपुष्प लावा. भातानंतर वाल घेत असाल तर वालाचं भूस विकू नका, पेंढ्यापेक्षा कितीतरी सरस वैरण आहे ती.

आणि पेंढा. आपल्या ठाणे जिल्ह्यात पेंढ्याची कमतरता नाही, त्यात कस नसतो एवढंच. प्रथिनं तीन-चार टक्के. शंभर किलो पेंढ्याला ४ किलो युरिया ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथराने शिंपडा, दाबा आणि प्लॅस्टिकने घट्ट झाकून २१ दिवस ठेवा. उघडल्यावर तासभर पसरून अमोनियाचा वास जाऊ द्या, मग थोड्यापासून सुरुवात करा. सहा महिन्यांखालच्या वासरांना हा पेंढा देऊ नका. युरियाची पिशवी गायीच्या तोंडाला लागेल अशी कधीही ठेवू नका, आणि ते पाणी कोणत्या बादलीत कालवलं हे लक्षात ठेवून ती बादली वेगळी ठेवा. युरियाच्या बादलीतलं पाणी पिऊन गाय तासाभरात गेलेली मी पाहिली आहे. नीट केलं तर हा पेंढा मऊ होतो, प्रथिन दुपटीच्या आसपास जातं आणि गायी जास्त खातात. चार किलो युरियाला लागणारा पैसा आणि १ लाख ८० हजार, तुम्हीच बघा.

मग उन्हाळ्यातली गव्हाण अशी दिसेल: १५ किलो मूरघास, ४ किलो प्रक्रिया केलेला पेंढा, पाच किलोच्या आसपास पेंड आणि भरडा मिळून, क्षार मिश्रण, आणि पाणी कायम समोर. बारा लिटरच्या गायीचा कोरडा पदार्थ यात भरतो. दूध कमी असेल तर पेंड लिटरमागे ४०० ग्रॅमच्या हिशेबाने उतरवा.

एवढं ऐकूनही कॅरोटीनसाठी, गाभण गायी आणि कालवडींसाठी थोडा हायड्रोपोनिक चारा करावा असं वाटलं, तर करा. मी अडवणार नाही. फक्त मशीन घेऊ नका. बांबू किंवा पाइपची मांडणी, शेडनेट, ट्रे यात काम होतं. काही गोष्टी मात्र काटेकोर पाळा.

बियाण्याच्या दुकानातला गुलाबी-लाल रंग लावलेला मका चुकूनही घेऊ नका, त्याला औषध लावलेलं असतं. धान्य म्हणून विकला जाणारा मका घ्या, आणि तो गोदामात कशाने धुरी दिलेला आहे हेही विचारा. शंभर दाणे ओल्या फडक्यात बांधून तीन-चार दिवसांनी मोजा. ऐंशीच्या खाली रुजले तर परत द्या, न रुजलेला प्रत्येक दाणा ट्रेमध्ये सडणार आहे. पाण्यात टाकून तरंगणारे हलके दाणे काढा, फुटके निवडा. बारा तास भिजवा, एकदा चुन्याच्या निवळीतून किंवा ब्लीचिंग पावडरच्या फिक्या पाण्यातून काढा, परत धुवा. मोड आणायला गोणपाट वापरत असाल तर ते रोज उकळत्या पाण्यातून काढून कडक उन्हात वाळवा. बहुतेक ठिकाणी बुरशी गोणपाटातूनच येते. ट्रेमध्ये चौरस फुटाला अर्धा किलो दाणे, त्याहून दाट नको. आपल्या दमट हवेत दाट थर आतून तापतो. हात घालून बघा, कोमट लागला तर थर जाड आहे. पाणी थोडं थोडं, दिवसातून सहा-सात वेळा, आणि निथळून गेलं पाहिजे. किलोभर चाऱ्याला दोन-तीन लिटर पाणी पुरतं, ही या पद्धतीची मोठी जमेची बाजू, आणि शहापूरसारख्या, धरणांच्या उशाशी राहून टँकरची वाट बघणाऱ्या गावांत मी ती कमी लेखत नाही. सातव्या-आठव्या दिवशी काढायचा. ट्रे प्रत्येक वेळी घासून, उन्हात.

ज्वारी मात्र घेऊ नका. मका महागला की लोक ज्वारीकडे वळतात. ज्वारीच्या कोवळ्या कोंबात सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं. किराळ लागणं म्हणतो आपण, तेच. पेरलेल्या ज्वारीत कोवळेपणी गुरं सोडत नाहीत, मग ट्रेमधली ज्वारी त्यांना कशी घालायची?

सुरुवात गायीमागे किलो-दीड किलोने करा, आठ-दहा दिवसांत वाढवत न्या, आठ किलोवर थांबा. चटई अख्खी टाकू नका, फाडून पेंढ्यात मिसळून द्या. म्हणजे जबरदस्त गाय दुबळीचा वाटा खाणार नाही आणि पेंढाही पोटात जाईल.

आणि मशीनवाल्यांशी बोलणं चालू असेल तर त्यांच्या चालू गोठ्यावर जा. एक किलो चारा निथळून, वजन करून घरी आणा, पत्र्यावर पसरून कडकडीत उन्हात दोन-तीन दिवस वाळवा, वजन उतरायचं थांबेपर्यंत. जे उरेल, सव्वाशे-दीडशे ग्रॅम, ते तळहातावर घ्या. त्यावरून ठरवा.

मला तुमच्याकडून दोन गोष्टी कळवा. जानेवारीअखेर बोअर रोज किती तास चालते, आणि दोन एकरांतला किती भाग भातानंतर नांगरता येतो, म्हणजे चिखलाचा नाही. पाणी कमी पडत असेल तर एकराऐवजी अर्धा एकर मका करू आणि बाकीचा मूरघास विकत घ्यायचा हिशेब मांडू. आठपैकी गाभण किती आणि भाकड किती तेही लिहा, कारण आठहीजणींना सारखंच घालायची गरज नाही.